मदत हवी आहे: आंब्याच्या हंगामात बाबांना येणारा ताण

नमस्कार मंडळी. देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. मोहोर आल्यापासून बाबांची झोप उडाली आहे. मळभ आलं की तुडतुडे किडीची धास्ती, ऊन तापलं की फळगळीची. मध्यरात्री उठून पडवीत बसतात, छाती धडधडते. घरच्यांवर खेकसतात आणि मग स्वतःच कष्टी होतात, ते बघवत नाही.

वय ६१. ईसीजी, थायरॉईड, साखर नॉर्मल. डॉक्टर म्हणाले ताण आहे, गोळी तूर्त नको. संध्याकाळचा चहा बंद केलाय. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, हेही करतात. त्याने धडधड शमते, विचार थांबत नाहीत. दारू-तंबाखू नाही. मे संपेपर्यंत बाग सोडून समुपदेशनासाठी रत्नागिरी-कोल्हापूरला खेपा घालणं अशक्य, आणि व्हिडिओ कॉलपुरती रेंज नसते.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर सुचवलाय. मराठीत बोलता येतं म्हटल्यावर तयार झालेत. तिथे कुणी नियमित बोललंय का? दर वेळी तोच समुपदेशक मिळतो, की सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं? आणि रात्री जाग आल्यावर त्या घटकेला नेमकं काय करावं?