नवाहो सैनिक लढाईवरून घरी आले की काय करायचे?

मी पुण्यात कोथरूडला राहतो. आजोबा फौजेत होते, सुट्टीवर आले की आजी आधी भाकरतुकडा ओवाळून टाकायची मगच उंबरा ओलांडू द्यायची. दुसऱ्या महायुद्धातल्या नवाहो कोड टॉकर्सबद्दल (नवाहो ही अमेरिकेतली एक मूळ रहिवासी जमात, तिच्या भाषेतून अमेरिकन सैन्याचे गुप्त संदेश पाठवणारे हे सैनिक) वाचतोय, त्यांच्यात असं काही होतं का?

प्रतिसाद १: होतं ना, आणि खूप खोलवर. मेलेल्या माणसाजवळ जाणं त्यांच्यात निषिद्ध, त्याचा वाईट अंश मागे राहतो आणि जिवंत माणसाला आजारी पाडतो असं मानतात, आणि ही पोरं तर पॅसिफिकच्या बेटांवर प्रेतांमधूनच फिरत होती. म्हणून परतल्यावर ‘एनिमी वे’ हा कित्येक दिवसांचा, गाण्यांचा आणि प्रार्थनांचा विधी. पहिल्या 29 कोड टॉकर्सपैकी चेस्टर नेझ यांना घरी आल्यावरही जपानी सैनिक दिसायचे, घरच्यांनी त्यांच्यासाठी हा विधी करवला. 2014 मध्ये गेले ते, त्या 29 मधले शेवटचे.

प्रतिसाद २: मक्याचे परागकण पण सोबत न्यायचे, छोट्या पिशवीत, प्रार्थनेसाठी. आपल्याकडे अंगारा बांधून देतात ना, मला तेच आठवलं.

प्रतिसाद ३: मला सगळ्यात लागलं ते भाषेचं, शाळेत नवाहो बोललं की शिक्षा आणि 1942 मध्ये त्याच भाषेतून कोड, रणगाडा म्हणजे कासव, पाणबुडी म्हणजे लोखंडी मासा. 1968 पर्यंत सगळं गुप्त, घरी सुद्धा सांगायची सोय नाही.

मूळ प्रश्नकर्ता: एनिमी वे बद्दल अजून लिहा ना प्लीज, आईला वाचून दाखवतोय.