जीडीपी पडला तरी बेकारी घटली? ओकनचा नियम आपल्याकडे का बसत नाही?

शहापूरची_वाचक
नमस्कार. एमए अर्थशास्त्राचा प्रोजेक्ट करतेय, विषय ओकनचा नियम. आर्थर ओकननं 1962 ला अमेरिकेचे आकडे बघून मांडलं की बेकारी एक टक्क्यानं घटते तेव्हा उत्पादन साधारण तीन टक्क्यांनी वाढलेलं असतं. आपल्या देशाचे आकडे घेतले तर उलटंच दिसालंय. पीएलएफएस म्हणजे सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात 2019-20 ला बेकारी 4.8 टक्के आणि 2020-21 ला, कोरोनात जीडीपी पडला त्या वर्षी, 4.2! माझं चुकतंय का शेती, कारखाने, सेवा वेगवेगळं काढून बघायला पाहिजे? बेळगाव भागातलं कुणी आपापल्या धंद्यातलं सांगेल का?

उद्यमबाग_शिफ्ट२
वेगळंच काढा ताई. मी फौंड्रीला लागून मशीनशॉपमध्ये आहे. ऑर्डर कमी झाल्या की आधी ओव्हरटाइम बंद, मग रात्रपाळी बंद, मग कंत्राटदाराची पोरं घरी, कायम कामगाराला सगळ्यात शेवटी हात लागतो. म्हणजे कारखान्यात उत्पादन आणि कामाचं नातं आहेच, पण ते पहिल्यांदा तासांत दिसतं, माणसांत नंतर. आणि ऑर्डर परत आल्या तरी सगळी पोरं परत येत नाहीत हे मला जास्त लागतं. आमच्याकडे चार लेथवर चारजण होते, आता दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं) एकटा बघतो आणि माल आधीपेक्षा जास्त निघतो.

खानापूर_भातवाला
आणि ती घरी पाठवलेली पोरं जातात कुठं? आमच्याकडेच येतात की. 2020 ला गोव्यातल्या हॉटेलातली, बांधकामावरची, पुण्याची, सगळी पोरं गावाला आली, आमच्या घरी दोन एकर भात, दरवर्षी तिघं रोप लावायचो त्या पावसाळ्यात सहाजण चिखलात उतरलो आणि भात झालं तेवढंच झालं. पण सर्व्हेवाला आला असता तर सहाही जण कामावर, कारण घरच्या शेतात बिनपगारी राबणारा पण रोजगारातच धरतात. देशात शेतीवरच्या लोकांचा वाटा 2018-19 ला 42.5 टक्के होता तो 2020-21 ला 46.5 वर गेला, तुमची बेकारी त्यात मुरलीय. पुस्तकात ह्याला प्रच्छन्न बेकारी म्हणतात. त्यामुळं शेतीत उत्पादन वाढून माणसं वाढली असं धरू नका, बाहेरचं काम आटलं की इथं माणसं वाढतात.

वडगावचा_माग
आमच्या मागावर, विणकामात नोकरी जात नाही, मजुरी जाते. साडीमागे पैसे मिळतात, उठाव नसला की आठवड्याच्या साड्या निम्म्या होतात. आठवड्यात एक तास काम केलं तरी साप्ताहिक हिशोबात तो माणूस रोजगारात. माझे वडील कागदावर एक दिवस बेकार नव्हते आणि किराणा मात्र महिनोन्‌महिने उधारीवर.

चिकोडी_ऊसपट्टा
वरचं सगळं बरोबर आहे, त्यात एक तांत्रिक गोष्ट जोडा. त्या वेळी पीएलएफएसचं वर्ष जुलै ते जून होतं आणि जीडीपीचं एप्रिल ते मार्च. म्हणजे एप्रिल ते जून 2020 चा कडक लॉकडाऊन एकीकडे 2019-20 मध्ये मोजला गेला, दुसरीकडे 2020-21 मध्ये. वर्षाला वर्ष लावून ओकनचा गुणांक (बेकारी आणि उत्पादनाचं प्रमाण) काढू नका, तिमाही घ्या. आमच्याकडे तर तिमाहीशिवाय काही कळणारच नाही, गाळप सुरू असताना तोडणी, वाहतूक, कारखाना सगळीकडे माणूस कमी पडतो आणि गाळप संपून पट्टा पडला की तीच माणसं रिकामी. सेवाक्षेत्रात तुम्ही शिकलेल्या पोरांचं वेगळं बघा. पदवीधरांत बेकारीचा दर अशिक्षितांपेक्षा कितीतरी जास्त आहे, कारण ज्याच्या घरात चार महिने थांबायची ऐपत आहे तोच नोकरी शोधत थांबतो, बाकीचे मिळेल ते करतात.

शहापूरची_वाचक
सगळ्यांचे मनापासून आभार, जुलै-जूनचं तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता बेकारीच्या दराऐवजी कामाचे तास आणि मजुरी घेऊन क्षेत्रवार बघते. माझ्याच वर्गातल्या तिघी नोकरी शोधायचं सोडून घरी बसल्यात, त्या तर श्रमबलातच (काम करणारे किंवा शोधणारे) नाहीत, त्यांना कुठं धरू हाही प्रश्न आहेच. उद्यमबागवाले दादा, ओव्हरटाइमचे मागच्या दोनतीन वर्षांचे तास, कारखान्याचं नाव न घालता, मिळतील का?