पोकेमॉन कार्डं: पाच हजारांत स्पर्धेला चालेल असा डेक जमेल का?

कोथरूडचा_नवखा

मंडळी, पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेमच्या स्टँडर्ड प्रकारात (फक्त अलीकडची कार्डं चालतात तो) लीग चॅलेंज ही छोटी स्थानिक स्पर्धा आणि जमलं तर त्याहून मोठा लीग कप खेळायचा आहे. नियम येतात, डेक (खेळायची ६० कार्डांची गड्डी) नाही. स्लीव्ह (कार्डांवर चढवायच्या प्लॅस्टिकच्या खोळी) धरून बजेट पाच हजार, त्यावर एक रुपया नाही. डोक्यात ड्रॅगापल्ट ईएक्स आहे (ईएक्स म्हणजे जास्त ताकदीचं पोकेमॉन कार्ड).

प्रश्न असे. दुकानदार म्हणतो ३६ पाकिटांचा खोका घ्या, सगळं निघेल. खरं का? सुटी कार्डं बघायला गेलो तर तेच नाव, तोच चित्रातला प्राणी, तरी एक चहाच्या भावात आणि दुसरं पार हजारांत. स्वस्तातलं स्पर्धेत चालतं का? बनावट कशी ओळखायची? आणि बाहेरून मागवलेलं परवडतं का?

सुटी_नाणी

खोक्याचं आधी. ट्वायलाइट मॅस्करेड, म्हणजे ज्या संचात ड्रॅगापल्ट ईएक्स आलं, त्याच्या पाकिटात दहा कार्डं असतात. ३६ पाकिटं म्हणजे ३६० कार्डं. पण ईएक्स दर पाकिटात निघत नाही, आणि निघालं तर कुठलं निघेल हे नशिबावर. तुम्हाला तेच एक तीनदा हवंय. त्याहून मोठी अडचण म्हणजे तुमचा डेक एका संचात मावतच नाही. बडी-बडी पॉफिन टेम्पोरल फोर्सेसमध्ये आलं, नाइट स्ट्रेचर आणि फेझँडिपिटी ईएक्स श्राउडेड फेबलमध्ये, बड्यू प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्समध्ये. एकाच संचाचा खोका कितीही नशीबवान निघाला तरी ही कार्डं त्यात असणारच नाहीत. खोका हौसेने फोडायचा असतो, डेकसाठी नाही. दुकानदाराचं चुकत नाही, त्याला खोका विकायचाय.

आता एकाच नावाचे दोन भाव. कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बघा. चौकटीत एक अक्षर, मग संचाचं लघुरूप, मग क्रमांक, शेवटी दुर्मीळपणाची खूण. साध्या ड्रॅगापल्ट ईएक्सचा क्रमांक १३०/१६७, खूण दोन काळे तारे. त्याचंच पूर्ण चित्राचं कार्ड २००/१६७, खूण दोन रुपेरी तारे. तिरक्या रेषेनंतरच्या आकड्यापेक्षा आधीचा आकडा मोठा असेल तर ते मुख्य यादीबाहेरचं, संग्राहकांचं कार्ड. दोन्हींना ३२० एचपी (किती मार सोसतं तो आकडा), दोन्हींचा हल्ला तोच, पंचांच्या लेखी काडीचा फरक नाही. शोधताना नाव टाकू नका, १३०/१६७ टाका. हेच प्रत्येक कार्डाला लागू: यादीतलं नाव घ्या, त्याच्या सगळ्या छपाया उघडा आणि सगळ्यात स्वस्त घ्या.

चौकटीतलं अक्षर म्हणजे रेग्युलेशन मार्क, आणि पैसे वाचतात ते इथे. दरवर्षी वसंतात सगळ्यात जुनं अक्षर स्टँडर्डमधून बाद होतं. ५ एप्रिल २०२४ ला ई गेलं, ११ एप्रिल २०२५ ला एफ. त्यापुढचा नंबर जीचा, त्यामुळे जी असलेलं कार्ड कितीही स्वस्त दिसलं तरी नव्याने घेऊ नका. आयोनो नावाचं जी छापाचं कार्ड कौडीमोल मिळतंय म्हणून चार घेणारे बरेच आहेत. ते स्वस्त का झालंय ते विचारत नाहीत. ड्रॅगापल्टवर एच आहे, म्हणजे निवड बरी आहे.

एक पळवाट मात्र कायद्यातच आहे. जुनं कार्ड नव्या अक्षराने पुन्हा छापलं गेलं, नाव आणि मजकूर तोच राहिला, की जुनी प्रतही चालते. अल्ट्रा बॉल, रेअर कँडी, बॉसेस ऑर्डर्स ही सप्टेंबर २०२५ च्या मेगा इव्होल्यूशन संचात पुन्हा आली. तेव्हा यांच्या जी छापाच्या प्रती बिनधास्त घ्या, कुणाच्या तरी डब्यात पडलेल्या असतात. फार जुनी प्रत असेल तर मजकूर नव्याशी शब्दाने ताडून बघा. काही कार्डांचा परिणाम मधल्या काळात बदललाय.

खरेदीचा क्रम:

पहिल्यांदा ट्रेनर कार्डं (पोकेमॉन किंवा एनर्जी नसलेली, मदतीची कार्डं), कारण डेक बदलला तरी ती तशीच वापरता येतात. अल्ट्रा बॉल ४, बडी-बडी पॉफिन ४, बॉसेस ऑर्डर्स ३, नाइट स्ट्रेचर २, रेअर कँडी २, लिलीज डिटर्मिनेशन ४. यादीगणिक एखाददुसरं कमीजास्त होईल.

मग मुख्य कुळ (ड्रीपीचा ड्रॅक्लोक आणि त्याचा ड्रॅगापल्ट होतो): ड्रीपी ४, ड्रॅक्लोक ४, ड्रॅगापल्ट ईएक्स ३. ड्रॅक्लोक चारच घ्या, तिथे काटकसर नको. तो दर फेरीला वरची दोन कार्डं बघून एक हातात देतो, डेकचा श्वास तोच आहे.

सगळ्यात शेवटी एकेकटी महागडी: फेझँडिपिटी ईएक्स १ आणि एस स्पेक (खास ताकदवान कार्डांचा एक प्रकार) १. एस स्पेक पूर्ण डेकमध्ये एकच चालतं, त्यामुळे दुसरी प्रत घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. मूलभूत एनर्जीला (हल्ल्यासाठी लागणारी साधी कार्डं) पैसे देऊ नका. दुकानात मागितल्या तर मूठभर मिळतात.

आणि हे सगळं घेण्याआधी पोकेमॉन टीसीजी लाइव्ह या अधिकृत ॲपवर तोच डेक बांधून पंचवीसेक डाव खेळा, फुकट आहे. पॉकेट नावाचं दुसरं ॲप आहे, तिथे डेक २० कार्डांचा आणि नियम वेगळे. त्यावरून काहीही ठरवू नका.

खोकाफोड्या

सुट्यांबद्दल सहमत, पण तयार लीग बॅटल डेक वगळून कसं चालेल? ड्रॅगापल्टचाच लीग बॅटल डेक निघालाय. ६० कार्डं खेळायला तयार, शिवाय ट्रेनर कार्डांचा बराचसा साठा एकगठ्ठा हाती येतो. छापील किमतीच्या आसपास मिळाला तर सुट्यांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडतो. दुप्पट भाव लावला असेल तर सोडा. खोक्यामागची यादी वाचा, त्यातली जी कार्डं तुमच्या डेकला लागतात त्यांचीच सुटी किंमत मांडा आणि मग ठरवा. न लागणाऱ्या कार्डांची किंमत बेरजेत धरू नका, दुकानदार तीच धरून दाखवतो.

दोन नावं सारखी वाटतात म्हणून फसू नका. नुसता 'बॅटल डेक' म्हणजे शिकाऊंसाठी, स्पर्धेत टिकत नाही. आणि 'वर्ल्ड चॅम्पियनशिप्स डेक' म्हणजे जगज्जेत्यांच्या डेकची नक्कल, स्वस्त आणि देखणी, पण पाठ वेगळी छापलेली. अधिकृत स्पर्धेत एकही कार्ड चालत नाही. घरी सरावाला उत्तम.

पाकिटं फोडायचीच असतील तर प्रीरिलीजला, म्हणजे नवा संच विक्रीला येण्याआधीच्या दुकानातल्या स्पर्धेला फोडा. बिल्ड अँड बॅटल खोक्यात ४० कार्डांचा डेक आणि चार पाकिटं असतात, खेळायलाही मिळतं आणि समोर अदलाबदल करणारे वीसजण बसलेले असतात. फक्त त्या दिवशी नवी कार्डं विकत घेऊ नका. संच बाजारात आला की पहिल्या आठवड्यात भाव चढलेले असतात, लोकांनी खोके फोडले की महिन्याभरात बहुतेक उतरतात. अपवाद प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्ससारख्या खास संचांचा. त्यांचे ३६ पाकिटांचे खोके नसतात, माल तुटक येतो, भाव हट्टी राहतो.

भिंगवाली

बनावटीबद्दल. स्टेशनरीच्या दुकानात लटकणारी ५५ सोनेरी प्लॅस्टिक कार्डांची पाकिटं पूर्ण बनावट, त्यावर चर्चाच नको. त्रास होतो तो कागदी नकलांचा. हातात खरं असलेलं एखादं फालतू कार्ड शेजारी ठेवा आणि या क्रमाने बघा:

पाठ. निळा रंग फिका किंवा जांभळट, चेंडूच्या कडा धूसर, म्हणजे संशय. माप ६३ × ८८ मिलिमीटर. बनावट कार्ड अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असतं, दोन्ही एकत्र धरून टेबलावर ठोकलं की कड वर येते. मग मोबाइलचा दिवा मागून लावा. खऱ्या कार्डाच्या आत काळपट थर असतो, उजेड अडतो. नकलेतून तो भसकन आरपार येतो. अक्षरांत पोकेमॉनच्या 'e' वर तिरकी मात्रा नसणं ही जुनी पण अजून सापडणारी चूक. शेवटी चमक: दोन रुपेरी ताऱ्यांच्या कार्डावर नखाने जाणवणारी बारीक खरखर असते, नकलेवर सगळीकडे एकसारखा गुळगुळीत इंद्रधनुषी मुलामा. वाकवून बघायची चाचणी कुणी सांगितली तर करू नका, खरं कार्ड असेल तर तेच खराब होईल.

गंमत अशी की तुमच्यासारख्याला धोका कमी. नक्कल करणारा महागडी कार्डं छापतो, अल्ट्रा बॉल नाही.

जुनी वापरलेली कार्डं घ्याच, खेळायला कोरं कार्ड लागत नाही. कडेला पांढरं पडलेलं असेल तर अपारदर्शक स्लीव्हमध्ये ते दिसत नाही. घडी किंवा मोड पडलेली असेल तर मात्र नको. स्लीव्हवरूनही उंचवटा बोटाला लागतो आणि पंच ते 'खूण असलेलं कार्ड' धरू शकतात. साध्या फोटोत मोड दिसत नाही. विक्रेत्याकडून खिडकीच्या तिरप्या उजेडातला फोटो मागवा, पुढचा आणि मागचा, शेजारी कागदावर त्याचं नाव आणि तारीख लिहिलेली. टाळाटाळ केली तर पुढे जा. यूपीआयने गेलेले पैसे विक्रेत्याने मनात आणल्याशिवाय परत येणं कठीण, म्हणून अनोळखी माणसाशी पहिला व्यवहार लहान करा.

ऱ्हाइनकाठी

इकडे जर्मनीत सगळे कार्डमार्केट ही सुट्या कार्डांची वेबसाइट वापरतात, म्हणून त्याबद्दल लिहितो. एक तर ते युरोपापुरतं आहे, भारतात थेट पाठवत नाही. भाव बघायला मात्र तुम्हालाही उपयोगी.

तिथली खरी मेख टपालखर्चात आहे. कार्ड दहा सेंटला आणि पाठवणावळ दीड युरो. वीस कार्डं वीस जणांकडून घेतली तर कार्डांपेक्षा टपालालाच जास्त जातात. म्हणून 'वाँट्स' (हव्या असलेल्या कार्डांची) यादी करायची आणि साइटवरच्या शॉपिंग विझार्डला कमीत कमी विक्रेते शोधायला लावायचे. स्थिती 'एक्सलंट'पर्यंत सैल सोडली की विक्रेत्यांची संख्या वाढते आणि बेरीज उतरते. भाषा मात्र पक्की करा, नाहीतर स्वस्तात जर्मन ड्रॅगापल्ट येतं. अमेरिकेतल्यांनी टीसीजीप्लेअर या तशाच साइटवर कार्ट ऑप्टिमायझर वापरावा, तत्त्व तेच.

भारतात थेट बाहेरून मागवायचं तर हिशेब वेगळा. सीमाशुल्क कार्डांच्या किमतीवर नाही, टपालखर्च धरलेल्या एकूण किमतीवर लागतं, आणि वर कूरियर कंपनी आपली हाताळणावळ लावते. पन्नास रुपयांची कार्डं अशी मागवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. देशात न मिळणारं एखादंच कार्ड असेल तरच विचार करा.

जपानी कार्डं छपाईला सुरेख आणि पुष्कळदा स्वस्त, पण पाठ वेगळी असते आणि कुठल्या भाषेतली कार्डं चालतात ते प्रदेशानुसार ठरतं. आयोजकाला विचारल्याशिवाय एकही घेऊ नका.

कोथरूडचा_नवखा

फार उपयोगी, मंडळी. दोन शंका उरल्या. कमी पडलेल्या कार्डांऐवजी छापील कागद लावून खेळलं तर? आणि स्लीव्हवर किती घालवायचे? ऑनलाइन पन्नासच्या, साठच्या, शंभरच्या, सगळ्या दिसतात.

सुटी_नाणी

कागद घरच्या सरावाला जरूर. ६३ × ८८ मध्ये छापा, कापा, मूलभूत एनर्जीच्या पुढे ठेवून स्लीव्हमध्ये सरकवा, जाडी बरोबर येते. अधिकृत स्पर्धेत अजिबात नाही. स्वतःहून नक्कल आणणाऱ्याचं पंच ऐकून घेत नाहीत. एखादं कार्ड कमीच पडलं तर तेवढ्या दिवसापुरतं मित्राकडून आणा. उसनं कार्ड नियमात बसतं, आणि डेकयादीत त्या कार्डाचंच नाव लिहायचं असतं.

स्लीव्ह ६६ × ९१ मिलिमीटरच्या, 'स्टँडर्ड' मापाच्या. 'जॅपनीज' किंवा 'स्मॉल' लिहिलेल्या युगिओ या दुसऱ्या कार्डखेळाच्या असतात, त्यात पोकेमॉनचं कार्ड शिरतच नाही आणि उघडलेलं पाकीट परत घेत नाहीत. पन्नासचं पाकीट टाळा. डेक साठचा, म्हणजे दुसरं पाकीट फोडावं लागतं, आणि दोन घाण्यांच्या रंगात किंचित फरक निघाला तर दहा कार्डं पाठीवरून ओळखू येतात. साठचं घेतलं तर एक फाटली की हात वर. ६५ किंवा ऐंशीचं घ्या, पाठ गडद आणि मॅट. तीनेकशे रुपये इथे बाजूला ठेवा, हा खर्च कापू नका.

भिंगवाली

यात एक भर. स्वस्त मिळाली म्हणून सगळे पोकेमॉन रिव्हर्स होलो (चित्राभोवतीचा भाग चमकणारी फॉइल छपाई) आणि सगळे ट्रेनर साधे, असं करू नका. पावसाळी दमटपणात फॉइलची कार्डं धनुष्यासारखी वाकतात. गड्डी टेबलावर ठेवली की कुठे पोकेमॉन आहे ते फटीवरून दिसतं, आणि खूण असलेल्या कार्डांत असा नमुना सापडला तर शिक्षा वाढते. होता होईल तो साधी छपाई घ्या, तशीही तीच स्वस्त असते. फॉइल घ्यावीच लागणारी, म्हणजे ईएक्स वगैरे, स्लीव्हसकट डेकबॉक्समध्ये घट्ट दाबून ठेवा, आत सिलिका जेलची पुडी. डब्यात सैल जागा असेल तर एनर्जी कार्डांनी भरून काढा.

खोकाफोड्या

आणि खोलताना पाकिटांत निघालेली टीसीजी लाइव्हची कोड कार्डं फेकू नका. तुम्हाला नको असली तर अदलाबदलीत चार-पाच कोडांवर एखादं अल्ट्रा बॉल सहज सुटतं. अदलाबदल करताना दोघांनी एकाच जागचा भाव उघडायचा, एकाने कार्डमार्केट आणि दुसऱ्याने टीसीजीप्लेअर असं नाही.