मदत हवी आहे : नियमाने डीफ्रॅग करूनही घरचा संगणक रखडतो

खानापूरकर_७
घरच्या संगणकाची देखभाल मी नियमाने करतो. डीफ्रॅग (डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र लावणे), टेम्प फाइलींची सफाई, व्हायरस स्कॅन, सारे वेळच्या वेळी होते. तरीही हल्ली संगणक सुरू होताना प्रत्येक वेळी डिस्क तपासणीचा काळा पडदा येतो आणि काही फोल्डर उघडायला गेले की सगळे गोठते. आजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद स्कॅन करून त्यातच ठेवले आहेत, आणि वाटणीच्या कामासाठी ते याच आठवड्यात वकिलांना द्यायचे आहेत. महिन्याचे डीफ्रॅग पुरत नाही का? किती वेळा करावे, एवढेच कृपया लवकर सांगा.

निपाणी_संगणक
डिस्क फिरती आहे की एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवरची), विंडोज कोणते, डिस्क किती जुनी, हे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे आहे. विंडोज १० असेल तर ते आठवड्यातून एकदा आपणहून ऑप्टिमाइझ करतेच, फिरत्या डिस्कला डीफ्रॅग आणि एसएसडीला ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचे डिस्कला कळवणे). त्यामुळे हाताने करण्यासारखे फारसे उरत नाही. डिस्कची तब्येत दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून ०५ (बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ (प्रलंबित सेक्टर) आणि सी७ (केबलवरच्या चुका) या ओळींतले आकडे इथे लिहा.

टिळकवाडी_वासी
माझ्या अनुभवात हा विजेचा दोष आहे. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि लिहिणे चालू असताना वीज गेली की फाइल सिस्टिमवर तपासणीची खूण राहते. आधी यूपीएस घ्या.

अनगोळकर
उतारे भूमीच्या (कर्नाटक सरकारच्या जमीन नोंदींच्या) संकेतस्थळावर मिळतात, मग स्कॅन सांभाळण्याचा खटाटोप कशासाठी?

खानापूरकर_७
भूमीवरचे चालू उतारे मला नको आहेत. आमचे कागद १९५६ पूर्वीचे, म्हणजे बेळगाव मुंबई राज्यात असतानाचे आहेत, आणि त्यांतले काही मोडीत आहेत. मूळ प्रती वाळवीने खाल्ल्या.
विंडोज १०, फिरती डिस्क, १ टीबी, २०१६ ची. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळा रंग दिसतो. ०५ समोर शून्ये, सी५ समोर शून्यांनंतर शेवटी १२, सी७ समोर शून्ये. आता डीफ्रॅग करू का?

चिकोडी_टेक
काळजी करू नका. कमांड प्रॉम्प्टमधून चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम) आर स्विच लावून रात्रभर चालवा, खराब सेक्टर बाजूला पडतील. मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या संगणकावर हेच आधी करतो.

निपाणी_संगणक
चिकोडीच्या मित्रांशी मी सहमत नाही. सी५ चा आकडा मुळात षोडशमान (१६ च्या पायाच्या) पद्धतीत दिसतो, म्हणजे १२ दिसले तरी ते १८ सेक्टर आहेत, आणि ते वाचता येत नसल्याने डिस्कने प्रलंबित ठेवले आहेत. सी७ शून्य आहे, तेव्हा केबलचा संशय नाही. चेकडिस्क आर स्विचसह सगळी डिस्क वाचून काढते. आजारी डिस्कवर तो ताण कागदांची प्रत निघण्याआधी देणे धोक्याचे आहे. डीफ्रॅगही नको, कारण त्यात हजारो फाइली विनाकारण हलवल्या जातात. आधी स्कॅनचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या, बाकीचे मागाहून.

चिकोडी_टेक
फाइल सिस्टिमच बिघडलेली असेल तर कॉपी तरी कशी होणार? माझ्याकडे चेकडिस्कने कित्येक डिस्क पुन्हा उभ्या राहिल्या आहेत.

निपाणी_संगणक
फोल्डर उघडत आहेत तोवर कॉपी होते. तुमचा उपाय चुकीचा नाही, तो प्रत निघाल्यानंतरचा आहे.

टिळकवाडी_वासी
कॉपी चालू असताना वीज गेली तर काय करायचे, हे कोणीच बोलत नाही.

खानापूरकर_७
शेजाऱ्यांचा यूपीएस आणून कॉपी सुरू केली आहे. बरेचसे फोल्डर आले, पण मोडी कागदांच्या फोल्डरमध्ये एका फाइलीवर केव्हापासून अडकले आहे. थांबू की सोडू?

निपाणी_संगणक
ती फाइल तूर्त सोडा आणि पुढच्या घ्या. रोबोकॉपी (विंडोजमधली कॉपीची आज्ञा) वापरा, मात्र पुन्हा प्रयत्नांची संख्या १ आणि मधली प्रतीक्षा १ सेकंद ठेवा. मुळात ती १० लाख प्रयत्न आणि ३० सेकंद असते, म्हणून एकाच फाइलीवर ते अडून बसते. बाकी सगळे उतरल्यावर त्या फाइलीकडे पुन्हा वळा. डिस्कमधून टकटक आवाज आला, तर त्याच क्षणी संगणक बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे डिस्क जशीच्या तशी द्या. त्या फाइलीचे नाव आणि आकार इथे कळवा.