मदत हवी आहे : 'पाणी आणि समाज' या विषयावरचा सिनॉप्सिस विद्यार्थ्यांकडून कसा घडवून घ्यावा?

बांधावरचा मास्तर

नमस्कार मंडळी. गोंदिया जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. गाइडशिप मागच्या वर्षी मिळाली. तीन विद्यार्थी आहेत, तिघंही खेड्यातले, आणि तिघांनाही पाण्यावरच पीएच.डी. करायची आहे. कोर्सवर्क झालं. दिवाळीनंतर आर.आर.सी.समोर (विद्यापीठाची संशोधन व मान्यता समिती) सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मांडायचा आहे आणि आम्ही चिखलात रुतलोय.

आलेले विषय बघा. 'गोंदिया जिल्ह्यातील जलव्यवस्थापनाचा समाजशास्त्रीय अभ्यास', 'विदर्भातील मामा तलाव : एक चिकित्सक अभ्यास' (मामा म्हणजे माजी मालगुजारी), 'ग्रामीण महिलांमधील जलसाक्षरता'. प्रत्येकी पाच उद्दिष्टं, चार गृहीतकं, ३०० कुटुंबांचा नमुना, प्रश्नावली. जिल्ह्याचं नाव खोडून लातूर लिहिलं तरी पुढचा एक शब्द हलणार नाही. रागावू तरी कोणत्या तोंडाने? माझी स्वतःची पीएच.डी. अशीच झाली. शेवटी बारा शिफारशी लिहिल्या होत्या, त्या कोणी वाचल्या नाहीत. मीही परत वाचल्या नाहीत.

खरी अडचण वेगळीच आहे. मामा तलाववाली विद्यार्थिनी ढीवर या मासेमार समाजाची, वडील मच्छीमार संस्थेत. परवा चहा पिताना सहज बोलून गेली. गेल्या वर्षी ऑक्टोबरात पाऊस दडला, धान निसवलेला. शेतकऱ्यांना पाणी हवं होतं. संस्थेने दोन-अडीच महिन्यांपूर्वीच बोटुकली (माशांची पिल्लं) सोडलेली, तिला उन्हाळ्यापर्यंत तलावात पाणी लागतं. एका रात्री कोणीतरी तुडुम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडलं. सकाळी वडील पाळीवर (तलावाच्या बांधावर) गेले तर पाणी पार खाली. पुढे उघड्या पडलेल्या बुडीत जमिनीवर गाळपेर (ओल्या गाळात पेरणी) झाली, तेव्हा मासे चरायचे ती जागाही गेली. वीस मिनिटं ती बोलत होती, मी चहा विसरलो. विचारलं, अगं, यातलं एक अक्षर सिनॉप्सिसमध्ये का नाही? म्हणाली, "सर, हे त घरचंच हाये जी. याले संदर्भ कुठून आणू?"

तर हे 'घरचं' कागदावर कसं आणवून घ्यायचं? आणि आणलंच, तर 'तुमच्याच समाजाबद्दल लिहिताय, तटस्थता कुठे आहे' असं कमिटीत विचारलं तर तिने काय सांगायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा. मेथडॉलॉजीच्या पुस्तकांची नावं नकोत, ती कपाटात आहेत.

पाळीवरचा बगळा

सर, आधी 'विदर्भातील' हा शब्द काढा. वऱ्हाडात रयतवारी होती, सरकार सारा थेट शेतकऱ्याकडून घ्यायचं. तिथे मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे गावमालक, नव्हतेच, तर माजी मालगुजारी तलाव कुठून येणार? हे तलाव पूर्व विदर्भातले : भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर. बांधणारे बरेचसे कोहळी समाजाचे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. आता लहान तलावांचं सिंचन बघतो जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग आणि मासे धरायचा ठेका असतो संस्थेकडे. एकाच पाण्याला दोन मालक, आणि तुडुमाची चावी तिसऱ्याच्याच हाती. तुमच्या पोरीचं भांडण इथूनच सुरू होतं.

तिला संदर्भ हवेत ना? तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागायला लावा. कोणत्या गावाचा कोणत्या पाण्यावर काय वहिवाटीचा हक्क, हे त्यात नोंदवतात. भंडारा जिल्ह्याचं १९०८ चं गॅझेटियरही पाहावं, तेव्हा गोंदिया भंडाऱ्यातच होतं. गाव जंगलालगत असेल तर वनहक्क कायदा २००६ चं कलम ३ वाचा. पाण्यातले मासे सामूहिक हक्कांत धरलेले आहेत. घरात ऐकलेलं आणि दप्तरात लिहिलेलं जिथे जुळत नाही, तिथेच प्रश्न सापडेल.

पूर्णाकाठ

मी अकोल्याकडची, खारपाणपट्ट्यातली, म्हणजे जिथे भूजलच खारं त्या भागातली. माझा पहिला सिनॉप्सिस होता 'भूजलातील क्षारता व ग्रामीण जीवन'. मॅडमनी तो परत दिला आणि सांगितलं, आठ दिवस पुस्तक उघडायचं नाही. गावात जिथे पाणी भरतात तिथे बसायचं आणि रोज एक पान लिहायचं, फक्त आपल्याला काय खटकलं ते. पहिले चार दिवस नुसती चिडचिड. पाचव्या दिवशी शेजारच्या काकूंकडे पाहुणे आले. काकूंनी घरातलं पाणी बाजूला ठेवलं आणि पोराला दुकानातून थंड कॅन आणायला धाडलं. पैसे उधारीवर. मग दिसायला लागलं की कोणतं पाणी कोणाला द्यायचं याचा घराघरात हिशोब असतो : पाहुण्याचं वेगळं, सुनेचं वेगळं, मजुराचं वेगळं. प्रबंध त्या हिशोबावर झाला. क्षारतेचे आकडे भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींवरून घेतले, ते एका प्रकरणात मावले.

मास्तर, तिन्ही पोरांना हे एक पान लिहायला लावा. भाषा घरची असू द्या, प्रमाण नंतर करता येते.

रोखठोक

पान-बिन ठीक आहे, पण कमिटीला गृहीतक लागतं. शीर्षक थोडं मोठंच ठेवा, कमिटी शीर्षकावर खूश होते. उद्दिष्टं मात्र दोनच. आणि शोधगंगोत्री या संकेतस्थळावर मंजूर झालेले सिनॉप्सिस असतात, पोरांना दहा तरी वाचायला लावा. कसे लिहू नयेत हे कळायलाही तेवढे पुरतात.

जलसाक्षरता मात्र बदलाच. बायकांना पाणी कळत नाही असं गृहीत धरून कशाला निघायचं? जलजीवन मिशनचा नळ दारात आलाय, माणशी रोज ५५ लिटरच्या हिशोबाने. त्या हिशोबात गोठ्यातली म्हैस नाही. नळ आल्यावरही हापशीवर कोण जातं आणि कशासाठी, ते विचारा.

बांधावरचा मास्तर

रोखठोक, म्हैस मनावर घेतली. विद्यार्थिनीला दाखवलं तर ती हसली आणि म्हणाली, आमच्या घरी तर आधी म्हशीचं पाणी, मग आमचं. ताई, पानाचा गृहपाठ तिघांनाही दिलाय. तटस्थतेचं कोणीच बोललं नाही पण.

पूर्णाकाठ

राहूनच गेलं. वडील संस्थेत आहेत हे तिने पहिल्याच पानावर लिहावं, लपवलं तर कमिटी पकडेल. आपल्या गावाबरोबर दुसरं गाव घ्यावं, जिथे शेतकरी आणि ढीवर यांचं पाण्यावरून जमलंय. आणि आधी शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसावं, वडिलांशी नंतर बोलावं. ज्याचा धान डोळ्यांदेखत वाळत होता, त्याची रात्रही तिला कळली पाहिजे. एक मात्र नक्की : तुडुम कोणी उघडलं ते कळलं तरी लिहायचं नाही, टिपणवहीतसुद्धा नाही. तिला त्याच गावात राहायचंय.

बांधावरचा मास्तर

हे शेवटचं मला सुचलंच नसतं. आज तिने नवीन मसुदा आणला. शीर्षक रोखठोक यांच्या सल्ल्याने भारदस्त ठेवलंय, खाली प्रश्न एकच : 'पाऊस दडल्यावर तलावातलं पाणी किती ठेवायचं हे दोन गावांत कोण, कुठे बसून आणि कोणाला न विचारता ठरवतं?' 'कोणाला न विचारता' हे शब्द तिचे आहेत, मी हात लावला नाही. सोमवारी तहसीलला जातोय, रेकॉर्ड रूमची चावी असलेले बाबू सुट्टीवर नसले म्हणजे झालं.

जलव्यवस्थापनवाला अजून जिल्हा सोडायला तयार नाही. त्याचं पान आलं की इथेच टाकतो.