केर्नच्या घड्याळाखाली : जुन्या डेट्रॉइट डाउनटाउनच्या आठवणी लिहा

फार्मिंग्टन हिल्सहून

नातीनं मला परवा मिशिगन सेंट्रल स्टेशन दाखवायला नेलं. १९८८ मध्ये शेवटची गाडी गेली आणि पुढं कित्येक वर्षं ती इमारत फुटक्या काचांनी उभी होती. फोर्डनं दुरुस्त करून २०२४ मध्ये ती पुन्हा उघडली. आत शिरून कमानींकडे मान वर केली आणि मला बोलता येईना. १९५८ च्या सप्टेंबरात, ट्रंक पायाशी ठेवून, मी याच जागी उभा होतो.

न्यूयॉर्कहून वुल्व्हरीन गाडीनं आलो होतो. ही गाडी वाटेत कॅनडातून जाते आणि नदीखालच्या बोगद्यातून डेट्रॉइटमध्ये वर येते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. वेन स्टेट विद्यापीठात शिकणारा एक नागपूरकर घ्यायला येणार होता. त्याचं पत्र खिशात होतं : चुकामूक झाली तर वुडवर्ड अव्हेन्यूवर केर्न नावाचं दुकान आहे, त्याच्या कोपऱ्यावरच्या घड्याळाखाली थांब, सगळं शहर तिथंच भेटतं. चुकामूक झालीच. दीड तास मी त्या घड्याळाखाली थांबलो. माझ्यासारखेच दहा-बारा जण कुणाची तरी वाट बघत होते. एकेकाचं माणूस यायचं, चेहरा उजळायचा, ते निघून जायचे. दादर स्टेशनच्या पुलाखाली थांबल्यासारखं वाटलं आणि परकेपणा तिथंच निम्मा गेला.

पन्नास-साठच्या दशकातलं, फार तर सत्तरच्या सुरुवातीचं डेट्रॉइट ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहावं. कुठं बसायचात, काय खायचात, कोण बरोबर असायचं? आमच्या पिढीतले मोजकेच उरलोत. आईवडिलांकडून ऐकलेलं मुलांनी लिहिलं तरी हवं आहे.

पुण्याहून

काका, तुमचं वाचून मला हडसन्स आठवलं. मी नोव्हेंबर १९६४ मध्ये गेले, लग्नाला सहा महिने झाले होते. पातळावर यांचा स्वेटर आणि पायात मोजे घालून चपला, अशी विमानातून उतरले. दुसऱ्याच दिवशी यांनी कोट घ्यायला हडसन्समध्ये नेलं. पंचवीस मजल्यांचं दुकान! मी तोवर मोठं दुकान म्हणजे लक्ष्मी रोडवरचं पाहिलेलं.

लिफ्ट चालवायला बायका असायच्या, हातात पांढरे हातमोजे. मजला आला की तिथं काय काय मिळतं ते एका लयीत म्हणायच्या. मला इंग्रजी वाचता यायचं, पण बोललेलं कळायचं नाही. मग हे कामावर गेले की मी बसनं वुडवर्डला यायची आणि काहीही न घेता खालपासून वरपर्यंत जायची. त्या बाई म्हणायच्या ते मनातल्या मनात त्यांच्याबरोबर म्हणायचं, परत खाली यायचं. बोललेलं इंग्रजी मी त्या लिफ्टमध्ये शिकले. एक वयस्क बाई तर मला ओळखायला लागल्या होत्या. मी आत आले की त्या जरा सावकाश म्हणायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, याची रुखरुख आजही आहे.

बाराव्या मजल्यावर नाताळात खेळण्यांचं गाव उभारायचे. थँक्सगिव्हिंगची मिरवणूकही हडसन्सचीच, १९२४ पासूनची. मुलगा दोन वर्षांचा असताना त्याला यांच्या खांद्यावर बसवून आम्ही वुडवर्डवर तीन तास उभे होतो. थर्मासमध्ये आल्याचा चहा होता. शेजारच्या अनोळखी कुटुंबालाही दिला. त्यांनी आम्हाला सँडर्सच्या केकचा तुकडा दिला, वरून चॉकलेट ओतलेला, मधे क्रीमचे उंचवटे. तो केक मी पुढं दर वाढदिवसाला आणला.

कोट राखाडी होता. अजून कपाटात आहे.

ट्रॉयहून

आल्याच्या चहावरून आठवलं. आम्ही हॅमट्रॅमिकला राहायचो, वर आम्ही आणि खाली पोलिश आजी. मला सर्दी झाली की आई सुंठीचा काढा करायची आणि आजी व्हर्नर्स गरम करून आणायच्या. व्हर्नर्स म्हणजे डेट्रॉइटचं आल्याचं सोडा-पेय. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण औषध एकच होतं. वुडवर्डवर व्हर्नर्सचा कारखाना होता, काचेतून बाटल्या भरताना दिसायच्या. पहिला घोट घेतला की नाकात झिणझिण्या येऊन शिंक यायचीच. त्यात व्हॅनिला आइस्क्रीम घातलं की त्याला बॉस्टन कूलर म्हणायचे.

नाशिकहून

मी १९६६ ते १९७० तिथल्या एका गाड्यांच्या कारखान्यात होतो, दुसऱ्या पाळीला. पाळी सुटली की मध्यरात्री आम्ही पाच-सहा जण एका गाडीत कोंबून डाउनटाउनला जायचो. लाफायेट आणि अमेरिकन, कोनी आयलंडची, म्हणजे पावातल्या सॉसेजची, ही दोन दुकानं भिंतीला भिंत लावून आहेत. तेव्हा दोन्ही ग्रीकांची. कुठलं चांगलं यावर माणसं अक्षरशः भांडायची. आमचा गट लाफायेटचा. तिथले वेटर एका हातावर मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत ताटल्यांची उतरंड रचून आणायचे आणि एकही हलायची नाही.

सॉसेजवर मांसाचं चिलीचं कालवण, मोहरीची पिवळी चटणी आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा. मी गाईचं मांस खात नव्हतो. पहिल्या रात्री सांगायचा संकोच वाटत होता. शेजारी बसलेला माझा लाइनवरचा जोडीदार, अलाबामाहून आलेला कृष्णवर्णीय माणूस, त्यानंच ओळखलं आणि ओरडून सांगितलं : याला पाव, कांदा, मोहरी, बाकी काही नको. पुढची चार वर्षं मी आत शिरलो की न सांगता तेच यायचं. दुपटीनं कांदा घालून.

अॅन आर्बरहून

हे माझ्या बाबांचं. ते १९५५ मध्ये आले. फोनवर खोली रिकामी असायची आणि दारात उभं राहिल्यावर नुकतीच गेलेली असायची. सहा ठिकाणी असं झालं. शेवटी हेस्टिंग्ज स्ट्रीटजवळ एका कृष्णवर्णीय विधवा बाईंनी माडीवरची खोली दिली. बाबा त्यांना शेवटपर्यंत मावशीच म्हणत.

हेस्टिंग्ज स्ट्रीट म्हणजे ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली या वस्त्यांचा कणा. दुकानं, दवाखाने, चर्च, जॅझचे क्लब, सगळं एका रस्त्यावर. बाबा म्हणायचे, शनिवारी रात्री झोपायचं नसतं, खिडकी उघडी ठेवून ऐकायचं असतं.

वुडवर्डच्या टोकाला, नदीवर, बॉब-लो बेटाच्या सहलीच्या दोन आगबोटी लागायच्या, कोलंबिया आणि सेंट क्लेअर. नदीतून खाली कॅनडाच्या हद्दीतल्या बेटावर न्यायच्या, वर नाचायला लाकडी मजला. बाबांनी मावशींना चला म्हटलं, तर त्या नाही म्हणाल्या. १९४५ मध्ये सारा एलिझाबेथ रे या तरुणीला कृष्णवर्णीय म्हणून त्या बोटीवरून उतरवलं होतं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९४८ मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला. तरी मावशी कैक वर्षं पाऊल ठेवायला तयार नव्हत्या. पुढं १९५८ च्या उन्हाळ्यात त्या स्वतःच म्हणाल्या, चल. हातात पंखा आणि डोक्यावर चर्चची टोपी असा त्यांचा एक फोटो आमच्याकडे आहे.

त्यानंतर क्रायस्लर फ्रीवेसाठी तो सगळा भाग पाडला. हेस्टिंग्ज स्ट्रीट फ्रीवेखाली गेला. बाबा आम्हाला त्या रस्त्यानं नेताना नेहमी एका ठिकाणी गाडीचा वेग कमी करायचे. तिथं मावशींचं घर होतं.

ठाण्याहून

थोडक्यात लिहितो. २३ जुलै १९६७, रविवार. दुपारी खिडकीतून पश्चिमेला धूर दिसला. दंगल पेटली होती. पुढचे काही दिवस शहरात सैन्य होतं, ४३ माणसं गेली. त्याबद्दल जास्त लिहिणं मला जमत नाही. पण पुढच्या वर्षीचा १० ऑक्टोबर सांगतो. डेट्रॉइटच्या टायगर्स संघानं सेंट लुईसमध्ये बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना जिंकला, मिकी लोलिचचा त्या मालिकेतला तिसरा विजय. मी क्रिकेटवाला, बेसबॉल निम्माच कळायचा. रेडिओ ऐकून खाली उतरलो तर सगळं शहर वुडवर्डकडे निघालेलं. गोरे, काळे एकमेकांना मिठ्या मारत होते. मला कुणीतरी उचलून मोटारीच्या टपावर बसवलं. एका वर्षापूर्वी याच लोकांनी घरांना कड्या लावल्या होत्या.

फार्मिंग्टन हिल्सहून, पुन्हा

सगळ्यांचं वाचतोय, मन भरून येतंय. एका तरुण वाचकानं विचारलंय की डाउनटाउन १९६७ मुळे संपलं का. नाही. हे मला आग्रहानं सांगायचं आहे, कारण ते फार वेळा असंच सांगितलं जातं. १९५० च्या शिरगणतीत शहरात साडेअठरा लाख लोक होते आणि गळती त्यानंतर लगेच सुरू झाली. वुडवर्डची शेवटची ट्राम १९५६ मध्ये धावली, डबे मेक्सिको सिटीला विकले. खुद्द हडसन्सनंच १९५४ मध्ये शहराबाहेर साउथफील्डला नॉर्थलँड हे प्रचंड बाजारसंकुल काढलं, भोवती हजारो मोटारींची जागा. फ्रीवे झाले आणि लोक त्यावरून उपनगरात गेले. ज्यांना तिथं घर विकत मिळत नव्हतं ते मागं राहिले. केर्न मी आल्यावर पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, बंद झालं. हडसन्स १९८३ मध्ये. २४ ऑक्टोबर १९९८ ला सुरुंग लावून ती इमारत पाडली, तेव्हा मी गेलो होतो. काही सेकंदांत धुळीचा लोट उठला आणि शेजारी उभ्या असलेल्या एक बाई मोठ्यानं रडायला लागल्या.

घड्याळ मात्र वाचलं. दुरुस्त होऊन वुडवर्डवर पुन्हा लागलंय.

रॉयल ओकहून

मी आणि माझी बायको १९६२ मध्ये पहिल्यांदा दोघंच सिनेमाला गेलो ते मिशिगन थिएटरमध्ये. बॅग्ली स्ट्रीटवर, १९२६ चं, चार हजार खुर्च्यांचं. सिनेमा कुठला ते दोघांनाही आठवत नाही, कारण आम्ही छताकडेच बघत होतो. सोनेरी नक्षी, झुंबरं, कमानी. ज्या जागेवर ते बांधलं तिथंच कधीकाळी हेन्री फोर्डची शेड होती, जिथं त्यानं आपली पहिली मोटार जुळवली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी थिएटर आतून काढून त्याचं तीन मजली पार्किंग केलं. छत तसंच ठेवलं, कारण ते पाडलं तर शेजारच्या इमारतीला धोका होता.

लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आम्ही तिथं गाडी लावली, सगळ्यात वरच्या मजल्यावर. मी दिवे बंद केले. ती म्हणाली, आपण बाल्कनीत बसलो होतो ना, मग इथंच कुठंतरी असणार. आम्ही काच खाली करून, मान मागं टाकून, बराच वेळ बसलो.