बाल्कनीत हमिंगबर्ड फीडर : लावून उपयोग आहे का?

ग्रिलमधलीबाग (बोरिवली)
चौथा मजला, पूर्वेची बाल्कनी, ऊन साडेदहापर्यंत. जास्वंदीवर इवलासा, वाकड्या चोचीचा पक्षी येतो आणि हवेत थांबल्यासारखा दिसतो. हमिंगबर्डच ना हा? लाल फीडर ऑनलाइन मिळतोय. त्यात काय भरायचं? पक्षी हाताच्या अंतरावरून बघता यावा, एवढंच हवंय.

चोचवाकडी
हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत. तुमच्याकडे येतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. मुंबईत इमारतींच्या आसपास मुख्यतः दोन दिसतात. जांभळा शिंजीर : विणीच्या काळात नर लांबून काळाच वाटतो, उन्हात निळा-जांभळा चमकतो. वीण संपली की तो रंग जातो आणि पिवळसर गळ्या-पोटावर मधोमध काळी पट्टी उरते. त्याला वेगळी जात समजू नका. दुसरा जांभळ्या पाठीचा : नराच्या छातीवर किरमिजी पट्टा, पोट पिवळं. याची मादी गळ्याला पांढुरकी, खाली पिवळी. जांभळ्याची मादी गळ्यापासूनच फिकट पिवळी.

शिंजीर क्षणभर तरंगतो, पण त्याला बसून प्यायला आवडतं. म्हणून बिनदांडीचा फीडर इथे बहुतेक वेळा नुसताच लटकत राहतो.

कुंडी१४इंच
फीडरचे पैसे हमेलियावर (नळीसारख्या लाल-केशरी फुलांचं झुडूप) घाला. १२ ते १४ इंचांची कुंडी, रोज चार-पाच तास ऊन. फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे बहर ओसरला की शेंडे छाटा. छाटणी टाळली की झाड नुसतं उंच होतं आणि फुलं ग्रिलच्या वर, तुमच्या नजरेबाहेर. जोडीला रशेलिया, तीही लाल नळीसारख्या फुलांची; तिच्या फांद्या बाहेर लोंबू द्या. जास्वंद साधी, पाच पाकळ्यांची. फुलाच्या बुडाशी भोक दिसलं तर कीड समजून औषध मारू नका, शिंजीर बाजूने चोच खुपसून मध चोरतो.

पिठ्या ढेकूण (फांद्यांवरची पांढरी, कापसासारखी कीड) आला तर पाण्याचा जोरदार फवारा, उरलेला जुन्या टूथब्रशने काढा. कीटकनाशक अजिबात नको. पिल्लांना कोळी आणि किडेच भरवतात, आणि घरट्यालाही कोळ्याचं जाळं लागतं. बाल्कनीतली जळमटं थोडी राहू द्या. (घरी पटवणं तुमच्याकडे!)

साखरपाणी
फीडर लावायचाच असेल तर बसायला दांडी किंवा कडं असलेला, १०० मिलीचा पुरे. एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी : पाव वाटी साखरेला एक वाटी पाणी. विरघळवून पूर्ण थंड करा. गूळ नको, लाल रंग नको.

ग्रिलमधलीबाग
मध चालेल का? नैसर्गिक म्हणून?

साखरपाणी
नाही. पाणी घातलेला मध लवकर आंबतो आणि त्यात बुरशी धरते. साखरपाणीही मुंबईच्या उकाड्यात रोज बदला. गढूळ झालं की आधीच उशीर झालाय. दर वेळी गरम पाणी आणि बारीक ब्रश. भोकांत काळी बुरशी साचते. मुंग्यांसाठी फीडरच्या वर दोरीत पाण्याची छोटी वाटी अडकवा. दोरीला तेल लावू नका, ते पिसांना चिकटतं.

चोचवाकडी
जवळून बघायचं तर सकाळी, उजाडल्यापासून नऊपर्यंत. खोलीतला दिवा बंद, पडदा अर्धा ओढलेला, बसायची जागा दीड-दोन मीटरवर. त्याहून जवळ जायचा हट्ट नको. दुर्बीण घेणार असाल तर ती किती जवळचं स्पष्ट दाखवते ते आधी विचारा. दोन मीटरपेक्षा जास्त असेल तर इथे निरुपयोगी. फोटोला शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद.

काचेवर चोच आपटणारा नर स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत असतो. काचेला बाहेरून कागद लावा.

आणि कपड्यांच्या दोरीला काडीकचऱ्याची, बाजूला दार असलेली पिशवी लोंबताना दिसली, तर ते घरटं. अंडी बहुधा दोन. उबवायला साधारण दोन आठवडे, पिल्लं उडायला आणखी दोन-अडीच. तोवर कपडे दुसरीकडे वाळवा.